रेन गार्डन म्हणजे काय? छतावरचं पाणी अंगणात कसं मुरवतात?

पाऊस सुरू झाला की छतावरचं पाणी पाइपातून फरशीवर, तिथून रस्त्यावर आणि शेवटी गटारात जातं. गटार तुंबलं की तेच पाणी दारात येतं. उन्हाळ्यात मात्र त्याच घरांना टँकर मागवावा लागतो. हे पाणी आवारातच मुरवण्याचा एक सोपा उपाय म्हणजे रेन गार्डन.

नेमकं काय असतं?
झाडं लावलेला उथळ खड्डा. हे तळं नव्हे. पावसात तो भरतो आणि एक-दोन दिवसांत रिकामा होतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, प्रिन्स जॉर्जेस काउंटीतल्या एका नव्या वसाहतीत घरोघरी अशा बागा केल्या गेल्या. नंतर ही पद्धत इतरत्र पसरली.

खड्डा केवढा हवा?
१ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ५० चौरस मीटर (सुमारे ५४० चौरस फूट) छतावर २० मिलिमीटर पाऊस पडला, तर १,००० लिटर पाणी जमतं. त्यासाठी ७ चौरस मीटरचा, अर्धा फूट खोल खड्डा साधारण पुरतो.

जागा कशी निवडावी?
घराच्या पायापासून किमान १० फूट लांब आणि सेप्टिक टँकपासून दूर. आधी फूटभर खोल खड्डा खणून पाण्याने भरावा. २४ तासांत पाणी जिरलं, तर जागा योग्य. काळ्या चिकण मातीत पाणी सावकाश मुरतं, म्हणून तिथे वाळू आणि कंपोस्ट मिसळावं लागतं.

कोणती झाडं?
मधल्या खोलगट भागात कर्दळ आणि वाळा, कोरड्या कडेला गवती चहा. मुळांमुळे माती भुसभुशीत राहते आणि पाणी लवकर खाली जातं.

डास होतील का?
अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. त्याआधी पाणी जिरलं, तर धोका नाही. पाणी त्याहून जास्त दिवस साचत असेल, तर चर काढून ते वाहतं करावं.

मर्यादा काय?
२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. असा पाऊस कोणतीही बाग अडवू शकत नाही. म्हणून जादा पाणी बाहेर जायला वाट ठेवावीच लागते. रेन गार्डनचा खरा उपयोग रोजच्या सरींमध्ये होतो. गटारावरचा भार हलका होतो आणि पाणी जमिनीत उतरतं.