झऱ्याच्या पाण्यातली वजाबाकी

कोलोरॅडो पठारावरच्या वालुकाश्मात युरेनियम साचलं कसं? ऑक्सिजनयुक्त भूजलात ते विरघळून वाहतं. वाटेत गाडलेलं लाकूड किंवा इतर सेंद्रिय अवशेष लागले, की पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि युरेनियम तिथंच बसतं. अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट गॅरल्स (१९१६–१९८८) यांनी अशी कोडी आलेखावर आणली. एका अक्षावर पाण्याची आम्लता, दुसऱ्यावर ऑक्सिडीकरणाची पातळी. कोणतं खनिज कुठं टिकेल ते लगेच दिसतं. (आलेखाची मूळ कल्पना बेल्जियमच्या मार्सेल पूर्बे यांची, भूविज्ञानात ती रुजवली गॅरल्स यांनी.)

त्यांचं सर्वांत देखणं काम मात्र १९६७चं, सहकारी फ्रेड मॅकेन्झी यांच्यासोबतचं. सिएरा नेवाडा पर्वतातल्या झऱ्यांच्या पाण्यातून त्यांनी आधी बर्फाबरोबर आलेले क्षार वजा केले. उरलेलं सोडियम, कॅल्शियम आणि सिलिका यांवरून ग्रॅनाइटी खडकातलं किती फेल्डस्पार खनिज झिजून त्याची केओलिनाइट माती झाली, ते उलट मोजत काढलं. हिशेब जवळजवळ जुळला! भूजलात क्षार आले कुठून, हे शोधणारे संगणक आजही हीच वजाबाकी करतात, फक्त झपाट्यानं. गाळाचे खडक पुन्हा पुन्हा झिजून नव्यानं घडतात, हा व्यापक हिशेब दोघांनी १९७१च्या पुस्तकात मांडला.