राग का आवरत नाही?

शाळेच्या स्नेहसंमेलनात लाउडस्पीकर एकाएकी कर्कश शीळ घालू लागतो, हे तुम्ही अनुभवले असेलच. लाउडस्पीकरमधून आलेला आवाज मायक्रोफोनमध्ये शिरतो, ॲम्प्लिफायर तो वाढवतो आणि वाढलेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो. फेरीगणिक आवाज चढत जातो. याला ‘फीडबॅक’ म्हणतात.

रागाचेही बरेचसे असेच आहे. आई म्हणते, “मोबाइल ठेव आता.” मेंदूतील ॲमिग्डाला हा बदामाएवढा भाग धोक्याची सूचना देतो. अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनालीन रक्तात मिसळते, छाती धडधडते, स्नायू ताठ होतात. आपण ओरडतो, आई त्याहून मोठ्याने ओरडते आणि पुन्हा तीच फेरी सुरू होते. तिला लगाम घालणारा कपाळामागचा मेंदूचा भाग साधारण पंचविशीपर्यंत पक्व होत असतो. तेव्हा तुमच्या वयात राग लवकर चढला तर नवल नाही.

परंतु वस्तू फोडणे, धाकट्या भावंडांवर हात उचलणे, मागाहून पश्चात्तापाने रडणे, असे आठवडेच्या आठवडे चालले, तर ‘वयच असे आहे’ म्हणून सोडून देऊ नये. उशी बडवल्याने राग निघून जातो, हा समजही प्रयोगांत टिकलेला नाही. मन म्हणजे वाफ कोंडलेला कुकर नव्हे.

मग जावे कोणाकडे? प्रथम नेहमीच्या डॉक्टरांकडे. अपुरी झोप किंवा एखादा आजार तर नाही ना, हे ते पाहतील. पुढे मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. पहिले वैद्यकीय डॉक्टर असतात व गरज पडल्यास औषध देतात. दुसरे संवादातून उपचार करतात. राग कित्येकदा नुसता धूर असतो. खाली नैराश्य, शाळेतला छळ किंवा वाचन-लेखनातील अडचण धुमसत असते. तज्ज्ञ ते शोधतात. ‘त्याने मुद्दामच धक्का दिला’ हा विचार तपासून पाहायला, राग चढण्याची पहिली खूण ओळखायला आणि तेथेच थांबायला ते शिकवतात. आई-वडिलांनाही बोलावतात, कारण फेरी दोन्ही बाजूंनी चालते.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून असे उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींसाठी महाराष्ट्रात ‘मैत्री’ क्लिनिकही आहेत. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’च्या 14416 या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते. स्वतःला वा दुसऱ्याला इजा करण्याचे विचार येत असतील, तर मात्र त्याच दिवशी घरच्या मोठ्यांना सांगा.

एक सोपा प्रयोग करा. राग चढू लागताच खोलीबाहेर जा. मनगटावरची नाडी 15 सेकंद मोजून तिला 4 ने गुणा. दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. आकडा उतरलेला दिसेल. शीळ थांबवायला मायक्रोफोन फोडावा लागत नाही. तो लाउडस्पीकरपासून दूर नेला तरी पुरते.