फितीची राख जड का भरते?

जुन्या तोफांच्या दारूत ऑक्सिजन पुरवायचं काम सोऱ्याचं. शाळेच्या प्रयोगशाळेत ते काम साधी हवाच करते.

मॅग्नेशिअमची फीत आधी पॉलिश पेपरने घासायची. तिच्यावरचा मळकट थर म्हणजे ऑक्साइडच. तो राहिला तर फीत लवकर पेट घेत नाही. मग चिमट्यात धरून ज्योतीवर न्यायची. क्षणभर काहीच होत नाही, आणि एकदम डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडतो. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, कारण त्यात अतिनील किरणंही असतात. शुद्ध ऑक्सिजनच्या बरणीत हाच उजेड आणखी प्रखर होतो. हवेत ऑक्सिजन जेमतेम २१ टक्के.

खाली पडते ती पांढरी भुकटी. लाकडाची राख हलकी, म्हणून हीसुद्धा हलकीच असणार, असं पोरं हमखास सांगतात. पण २४ ग्रॅम मॅग्नेशिअम १६ ग्रॅम ऑक्सिजन घेतं आणि ४० ग्रॅम ऑक्साइड होतं. वर्गात वजन नेमकं जुळत नाही, कारण बरीच भुकटी धूर होऊन उडते. झाकणाच्या मुशीत जाळलं तर बरंच जमतं. ओल्या भुकटीवर लाल लिटमस निळा होतो.

पेटलेल्या मॅग्नेशिअमवर पाणी मात्र कधीच टाकू नये, त्यातून हायड्रोजन निघतो. कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामकही कुचकामी, त्यातलाही ऑक्सिजन हा धातू ओढून घेतो. कोरड्या वाळूची बादली शेजारी ठेवावी.