पुस्तक आपलं, खुर्ची ग्रंथालयाची

वरळीत बीडीडी चाळींच्या जवळ एक गल्ली आहे. महापालिकेच्या दप्तरात तिचं नाव सुदाम काळू अहिरे मार्ग. हे नाव सांगून पत्ता विचारलात तर समोरचा बुचकळ्यात पडेल. ‘अभ्यास गल्ली’ म्हणा, लगेच बोट दाखवेल. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तीतच स्वयंपाक, तीतच पाहुणे, तीतच आजोबांची बाज. त्यामुळे पिढ्यान्पिढ्या इथली मुलं वह्या-पुस्तकं काखेत मारून या गल्लीत आली आणि रस्त्याच्या दिव्याखाली बसली. दहावी-बारावीची मुलं, पदवीची मुलं, सरकारी परीक्षांची मुलं. इथे ग्रंथपाल नाही, कपाट नाही, एकही पुस्तक नाही. तरी ग्रंथालयात जाऊन विद्यार्थ्याला जे हवं असतं, त्यातलं निम्मंअधिक या गल्लीत मिळत आलंय: उजेड, बऱ्यापैकी शांतता आणि आजूबाजूला आपल्यासारखीच मान खाली घालून बसलेली माणसं.

हे सांगायचं कारण, गावोगावच्या ग्रंथालयांच्या कार्यकारिणीत हमखास ऐकू येणारी एक तक्रार. ‘पोरं येतात, दिवसभर बसतात, पंखे फिरवतात, पण आमच्या पुस्तकांना हात लावत नाहीत.’ वस्तुस्थिती खरी आहे. मुलं येतात ती स्वतःची पुस्तकं, स्वतःच्या नोट्स, स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. त्यांना ग्रंथालयाकडून हवी असते फक्त खुर्ची. पण यात तक्रार करण्यासारखं काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही. ज्या राज्यात लाखो घरांमध्ये अभ्यासाचं टेबल मांडायला जागा नाही, तिथे खुर्ची देणं हीही ग्रंथालयाची पूर्ण वाढलेली, मानाची सेवा आहे. आपण मात्र तिच्याकडे अजून वाढीव उपकार म्हणून पाहतो.

जागेची ही ओढ जुनीच आहे. भीमराव आंबेडकर शाळेत होते तेव्हा त्यांचं कुटुंब परळच्या चाळीत एका खोलीत राहत होतं. घर झोपल्याशिवाय अभ्यासाला जागा मोकळी होत नसे. म्हणून वडील रामजी सुभेदार मुलाला लवकर झोपवत आणि रात्री दोनच्या सुमारास उठवून अभ्यासाला बसवत. शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांची नजर त्याच्यावर पडली, ओळख झाली, आणि १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढे कोलंबिया विद्यापीठाचं ग्रंथालय, लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमची वाचनशाळा आणि शेवटी दादरच्या हिंदू कॉलनीत पुस्तकांसाठी जागा राखून बांधलेलं ‘राजगृह’, हा प्रवास सगळ्यांना माहीत असतो. पण त्याची सुरुवात एका सार्वजनिक बागेत झाली, कारण घरात जागा नव्हती आणि बागेला दार नव्हतं.

आपल्याकडची जुनी ग्रंथालयं बघितली तर ती बांधणाऱ्यांना बसण्याची किंमत ठाऊक होती असं दिसतं. मुंबई विद्यापीठाला प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले आणि आईच्या नावाने मनोऱ्यासाठी आणखी २ लाख. १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर सगळे बाहेरून पाहतात. पण खरी चैन आत आहे. उंच छत, रंगीत काचांच्या खिडक्या आणि त्यांतून लांबलचक टेबलांवर येणारा प्रकाश. काळा घोड्याजवळची डेव्हिड ससून लायब्ररी तर मुळात कामगारांच्या गरजेतून जन्मली. टांकसाळीतल्या आणि सरकारी गोदीतल्या यंत्रकामगारांनी १८४७ मध्ये मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट सुरू केली, तिची ही इमारत १८७० ची. तिच्या व्हरांड्यातल्या लांब हातांच्या आरामखुर्च्या आणि मागची बाग, या दोन गोष्टींसाठी वर्गणी भरणारे सदस्य आजही आहेत, आणि परीक्षेच्या दिवसांत त्यांत विद्यार्थ्यांचाच भरणा असतो. आरामखुर्चीत अर्थशास्त्र वाचणं धोक्याचं, डुलकी ठरलेली. पण सोय आहे.

पुण्या-मुंबईबाहेर पाहिलं तर नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांसाठी देशातला पहिला कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा आला १९६७ मध्ये. त्यानुसार ग्रंथालयांना मान्यता मिळते, अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान. आज राज्यात दहा हजारांहून जास्त शासनमान्य ग्रंथालयं आहेत. अनुदानाच्या हिशेबात ग्रंथसंख्या, वर्तमानपत्रं, नियतकालिकं, सभासद हे सगळं काटेकोर मोजलं जातं. दुपारी दोन वाजता किती खुर्च्या भरलेल्या होत्या, याला त्या मानाने फारच थोडं वजन.

खरं म्हणजे ग्रंथालयशास्त्राला खुर्ची परकी नाही. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच नियम मांडले. त्यांतला पहिला, ग्रंथ उपयोगासाठी आहेत, हा आपण भिंतीवर रंगवून ठेवतो. पण त्या एका नियमाचा विस्तार करताना त्यांनी ग्रंथालय कुठे असावं, किती वेळ उघडं असावं, आतलं फर्निचर कसं असावं आणि कर्मचारी कसे असावेत, या चारही गोष्टींची सविस्तर चर्चा केली आहे. फर्निचर म्हणजे बसणं आलंच.

ग्रंथालयांनी ही मागणी ओळखायला वेळ लावला, तेवढ्यात बाजाराने ओळखली. पुण्यात सदाशिव, नारायण, शनिवार आणि नवी पेठेत फिरा. जुन्या वाड्याच्या जागी उठलेल्या इमारतीत, दुकानांच्या वरच्या मजल्यावर, जिथे जागा सापडेल तिथे अभ्यासिका. एमपीएससी, यूपीएससी, पोलीस भरती, तलाठी अशा परीक्षांसाठी मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली मुलं कॉट बेसिसवर राहतात, मेसला जेवतात आणि जागेपणीचा जवळजवळ सगळा वेळ अभ्यासिकेतल्या तीन फुटांच्या कप्प्यात काढतात. कॉटवर फक्त झोपायचं. त्यांच्या लेखी पत्ता असतो तो अभ्यासिकेचा.

इथलं अर्थशास्त्र सरळ आहे. सीट दोन तऱ्हांची. राखीव सीट म्हणजे टेबल कायमचं तुमचं, पुस्तकं तिथेच ठेवून जायची. बिनराखीव सीट म्हणजे जो आधी येईल त्याची. वातानुकूलित हॉल, लॉकर, चार्जिंगचा सॉकेट, वायफाय, दाराशी वर्तमानपत्रं, असं जे जे वाढत जाईल त्याप्रमाणे भाडं वाढतं. बिनराखीव सीटसाठी सकाळी सहाच्या आत रांग लागते, आणि एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तशी टेबलावर एखादी वही टाकून जागा धरली जाते. वही टाकून चहाला गेलेला माणूस किती वेळाने परतला तर जागा गेली असं समजायचं, याचे अलिखित कायदे प्रत्येक अभ्यासिकेत वेगळे, आणि त्यावरून होणारी भांडणं कुजबुजत्या आवाजात होतात. मोठ्याने भांडलं तर दोघांचीही जागा जाते.

पैसे मोजून कप्पा घेणाऱ्या या मुलांना खोलीवर एकांत मिळत नाही असं नाही. रूम पार्टनर दिवसभर बाहेर असले तरी ती अभ्यासिकेतच येतात. चाळीस माणसं वाचत असताना मोबाइल काढून रील्स बघायला लाज वाटते, हे त्यातलं एक कारण. शेजारचा उठत नाही तोवर आपणही उठायचं नाही, ही मूक चुरस दुसरं. तिसरं कारण माझ्या मते सगळ्यात मोठं. तीन-चार वर्षं निकालाची वाट बघणाऱ्या मुलाला रोज सकाळी ‘जायचं’ असं एक ठिकाण मिळतं. गावाकडून फोन आला की ‘अभ्यासिकेत आहे’ म्हणता येतं. या वाक्याने घरचा प्रश्न तेवढ्यापुरता मिटतो.

मुलींच्या बाबतीत तर हे वाक्य किल्लीसारखं चालतं. घरी बसून वाचणारी मुलगी घरच्यांच्या दृष्टीने मोकळीच असते. कुकर लाव, पाहुण्यांना चहा टाक, धाकट्याचा गृहपाठ घे. तीच मुलगी ग्रंथालयात गेली की तिचा वेळ अभ्यासाचा म्हणून मान्य होतो. तालुक्याच्या गावी तर ग्रंथालय ही अशी एक जागा आहे की तिथे तरुण मुलगी चार तास बसली तरी कुणी भुवया उंचावत नाही. मग ग्रंथालयाचं दार साडेसातला बंद होतं, रस्त्यावर दिवे नसतात, स्वच्छतागृहाला कडी नसते, आणि मुलींची हजेरी कमी का, म्हणून सभेत आश्चर्य व्यक्त होतं. महिलांसाठी वेगळी खोली काढणाऱ्या ग्रंथालयांनी आधी त्या कडीकडे बघावं.

वेळांचंही तेच. आपल्या बहुतेक सार्वजनिक वाचनालयांचं घड्याळ निवृत्त वाचकाच्या दिनक्रमावर लावलेलं आहे. सकाळी वर्तमानपत्र वाचायला दोन-तीन तास, संध्याकाळी पुस्तक बदलायला दोन-तीन तास, मधली दुपार कुलपात. विद्यार्थ्याला नेमकी दुपार आणि रात्र हवी असते. कर्मचारी अर्धवेळ, पगार तुटपुंजा, तेव्हा ‘दिवसभर उघडं ठेवा’ म्हणणं सोपं आहे हे मान्य. तरीही ज्यांनी पुस्तक-देवघेवीचा विभाग दुपारी बंद ठेवून फक्त वाचनकक्ष एका माणसावर चालू ठेवला, त्यांच्याकडे गर्दी आहे. मुलांकडून थोडी मासिक फी घेतली तर वीजबिल निघतं, आणि ती फी खासगी अभ्यासिकेपेक्षा कितीतरी कमी असते.

विद्यापीठांच्या ग्रंथालयांचं जग निराळं. पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ ची, पहिले कुलगुरू बॅरिस्टर मु. रा. जयकर. त्यांच्या नावाचं ग्रंथालय आता अधिकृतपणे जयकर ज्ञानस्रोत केंद्र आहे, पण विद्यार्थ्यांसाठी ते नुसतं ‘जयकर’. अशा ग्रंथालयात नव्याने जाणाऱ्याला एक फरक आधी समजून घ्यावा लागतो. पुस्तकांच्या दालनात स्वतःची पुस्तकं न्यायची नसतात, पिशवी दाराशी ठेवून टोकन घ्यायचं. स्वतःच्या पुस्तकांवर अभ्यास करायचा तर वेगळा वाचनकक्ष. दोन्हींचे नियम आणि वेळा निराळ्या. परीक्षेच्या तोंडावर वाचनकक्षात पाय ठेवायला जागा नसते आणि संदर्भ विभागात मात्र खुर्च्या रिकाम्या दिसतात. संशोधकांना हे गुपित माहीत असतं. आपण ज्या विषयाचा अभ्यास करतो त्याचे कोश, जुने अंक आणि अहवाल हाताशी असलेल्या टेबलावर बसलं तर वाचता वाचता उठून एक शंका तपासता येते, ही सोय कुठल्याही भाड्याच्या कप्प्यात नाही. पुण्यात भारत सेवक समाजाच्या आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या आवारातलं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय, मुंबईत दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग या अशाच जागा. तिथे नुसते एमपीएससीचे संच घेऊन जाणं म्हणजे जागेचा अपव्यय आहे, असं मी मुलांना स्पष्ट सांगतो.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांमध्ये आणि वसतिगृहांमध्ये १४ एप्रिलच्या सुमारास आणखी एक गोष्ट होते, ती इतरत्र क्वचितच दिसेल. बाबासाहेबांना अभिवादन म्हणून सलग १८ तास अभ्यास. पहाटे सुरू करून रात्री उशिरापर्यंत मुलं एकत्र बसून वाचतात. मधे जेवण, चहा, बस्स. मिरवणुकीला जाणारेही जातात, पण हा उपक्रम ठिकठिकाणी टिकून आहे. एरवी संध्याकाळी कुलूप लागणारा वाचनकक्ष त्या दिवशी रात्रीपर्यंत उघडा राहतो, तेव्हा तो उघडा ठेवता येतो हेही सिद्ध होतं.

वाचकांसाठी नीट जागा केली तर काय होतं, याचं गोव्यात पणजीच्या पाटो भागातलं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय हे चांगलं उदाहरण. मूळ संस्था पोर्तुगीज काळातली, १८३२ ची. आज बहुमजली इमारतीत मुलांचा विभाग, संदर्भ विभाग आणि बसून अभ्यास करणारे विद्यार्थी एकाच छपराखाली नांदतात, कुणी कुणाच्या पायात येत नाही. सरकारने जागेवर खर्च केला की काय होतं ते तिथे दिसतं.

आणि खर्च न करता नुसतं भाडं वसूल केलं की काय होतं, तेही आपण पाहिलंय. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या जुन्या राजेंद्र नगरात पावसाचं पाणी एका कोचिंग क्लासच्या तळघरात शिरलं आणि तीन विद्यार्थी बुडून गेले. ते तळघर कागदोपत्री साठवणीसाठी होतं, प्रत्यक्षात तिथे ग्रंथालय चालत होतं. आपल्या पेठांमधल्या अरुंद जिन्यांकडे, एकाच दाराच्या हॉलकडे आणि पन्नास चार्जर लटकलेल्या जुन्या वायरिंगकडे त्यानंतर तरी नीट बघायला हवं होतं.

म्हणून यंदा कुणाचा मुलगा, मुलगी, भाची, पुतण्या अभ्यासासाठी शहरात निघाला असेल तर कप्पा ठरवण्याआधी दोन तास तिथे बसून यायला सांगा. बाहेर पडायचे रस्ते किती, अग्निशामक नळकांडं कुठल्या तारखेपर्यंत चालतं, प्यायचं पाणी आणि स्वच्छतागृह कसं, रात्री दार कोण उघडतं, अनामत रक्कम परत कशी मिळते, हे विचारायचं आणि पावती घ्यायची. त्याच दिवशी जवळचं नगर वाचनालय किंवा जिल्हा ग्रंथालयही पाहून घ्यायचं. अनेकदा दोन चौकांवर अभ्यासिका असते, फी नाममात्र असते, आणि पाटी लहान असल्यामुळे ती कुणाच्या लक्षात आलेली नसते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बाहेरच्यांना प्रवेश मिळतो का, हे विचारायला ग्रंथपालांकडेच जावं. दारावरचा शिपाई बहुतेक वेळा ‘नाही’ म्हणतो, आत अर्ज मात्र असतो.