पाटी नाही, तर पत्ता नाही!

दोस्तांनो, यवतमाळहून नागपूरच्या रस्त्याने निघालं की कळंब लागतं. इथलं श्री चिंतामणीचं देऊळ प्रसिद्ध आहे. गाभाऱ्यात जायचं तर पायऱ्या उतरून जमिनीच्या खाली जावं लागतं. आता सांगा, एसटीतून पहिल्यांदाच उतरलेल्या परगावच्या माणसाला हे देऊळ कसं सापडतं? तो काही घरन्‌घर शोधत फिरत नाही. रस्त्यावरची पाटी वाचतो आणि बाणाच्या दिशेने चालू लागतो.

ही पाटी लक्षात ठेवा. आजची गोष्ट पाटीचीच आहे.

माझी भाची कळंबला सातवीत शिकते. तिला मी माझा जुना संगणक दिला होता. त्यावर लिनक्स आहे. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्‌स नावाच्या विद्यार्थ्याने सुरू केलेली ही प्रणाली मोफत मिळते, आणि तिच्या आत काय चाललंय ते कुणालाही उघडून पाहता येतं. भाचीने त्यावर 'क्रिता' नावाचा चित्रं काढायचा प्रोग्राम उतरवून घेतला आणि शाळेच्या प्रदर्शनासाठी दोन दिवस खपून चिंतामणीच्या देवळाचं चित्र काढलं. सोमवारी ते द्यायचं होतं. रविवारी सकाळी तिचा फोन आला. आवाज रडवेला!

"मामा, माहं चित्र गेलं! थो प्रोग्रामच गायब झाला. मेनूत नाव टाकलं, तरी काहीच येत नाही!"

"अगं बेटा, आधी चित्रांचा फोल्डर उघड बरं."

चित्र तिथेच होतं! चित्राची फाईल वेगळी आणि ते काढणारा प्रोग्राम वेगळा. मग 'डाउनलोड्‌स'चा फोल्डर उघडला. प्रोग्रामही तिथेच मुकाट बसलेला होता. दोनदा टिचकी मारली, की सुरू!

"मंग मेनूले काहून दिसत नाही?" भाचीने विचारलं.

प्रश्न अगदी बरोबर होता.

मेनू शोधतच नाही!

आपल्याला वाटतं, मेनू सगळा संगणक धुंडाळून प्रोग्राम गोळा करत असेल. तसं नाही. संगणकात शेकडो प्रोग्राम असतात. त्यातले बरेचसे पडद्याआड काम करणारे. ते सगळेच मेनूत आले, तर आपल्याला हवा तो सापडणारच नाही. म्हणून मेनू फक्त पाट्या वाचतो. मेनूत दिसणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामसाठी एक छोटी फाईल असते, तिच्या नावाच्या शेवटी 'डॉट डेस्कटॉप' असतं. हीच ती पाटी. तिच्यावर मुख्यतः तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: प्रोग्रामचं नाव, कोणतं चित्र दाखवायचं ते, आणि टिचकी मारल्यावर काय सुरू करायचं ते. ही शेवटची ओळ म्हणजे पाटीवरचा बाण.

या पाट्या ठरलेल्या जागी असतात. सगळ्यांसाठीच्या पाट्या 'यूएसआर' फोल्डरमधल्या 'शेअर'मधल्या 'ॲप्लिकेशन्स'मध्ये. आणि ज्याच्या त्याच्या घरच्या पाट्या, आपापल्या होम फोल्डरमधल्या 'डॉट लोकल', त्यातल्या 'शेअर' आणि त्यातल्या 'ॲप्लिकेशन्स'मध्ये. एकाच नावाची पाटी दोन्हीकडे असली, तर मेनू घरची मानतो!

काही पाट्यांवर 'मला दाखवू नका' अशीही ओळ असते. मग पाटी असूनही मेनूत नाव येत नाही.

लिनक्सच्या दुकानातून, म्हणजे सॉफ्टवेअर केंद्रातून, प्रोग्राम घेतला की पाटी आपोआप लागते. पण भाचीने आणलेली होती 'ॲपइमेज'. म्हणजे सगळा प्रोग्राम एकाच फाईलमध्ये. ती नुसती आणून ठेवली, तर पाटी लागत नाही. माणूस गावात राहायला आला, पण दारावर नाव लावलं नाही, तसंच झालं हे!

भांडण नको, एकच पाटी हवी

सुरुवातीला सगळीकडे एकच पद्धत नव्हती. लिनक्सच्या पडद्यासाठी १९९६ साली 'केडीई' आणि १९९७ साली 'ग्नोम' असे दोन प्रकल्प सुरू झाले. दोघांच्या पाट्या वेगळ्या राहिल्या असत्या, तर प्रोग्राम करणाऱ्याला प्रत्येक गोष्ट दोनदा लिहावी लागली असती. २००० साली हॅवॉक पेनिंग्टन यांनी 'फ्रीडेस्कटॉप' हा उपक्रम सुरू केला. तिथे दोन्हीकडच्या मंडळींनी मिळून पाटीचे नियम ठरवले. तेच नियम आजही चालतात.

त्यातला एक नियम आपल्या फार कामाचा आहे. 'नेम' म्हणजे नाव. या शब्दापुढे चौकटी कंसात भाषेची खूण घालता येते. मराठीची खूण आहे 'एम आर'. संगणकाची भाषा मराठी ठेवली, की मेनू ती ओळ वाचतो. ती नसली, तर मूळ नाव दाखवतो. म्हणजे मेनूत मराठी नाव दिसतं, ते कुणीतरी बसून ती एक ओळ लिहिलेली असते म्हणून!

भाचीची पाटी

मग आम्ही फोनवरूनच पाटी लिहिली. आधी तिला एक तयार पाटी मजकुराच्या प्रोग्राममध्ये उघडायला सांगितली, म्हणजे स्पेलिंग चुकायला नको. ओळींची ठरलेली नावं इंग्रजीतच लिहावी लागतात. क्रिताची फाईल तिने 'डाउनलोड्‌स'मधून काढून एका कायमच्या फोल्डरमध्ये ठेवली. कारण घर हललं आणि पाटी तशीच राहिली, तर बाण रिकाम्या जागेकडे! मराठी नावाच्या ओळीत तिने लिहिलं, 'माझा कुंचला'. चित्राच्या ओळीत तिनेच काढलेल्या देवळाच्या चित्राचा पत्ता दिला. फाईल घरच्या पाट्यांच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि मेनूत टाइप केलं, 'कुंचला'.

"आलं! मामा, आलं!" फोन कानापासून दूर धरावा लागला मला.

आई-बाबांसाठी दोन शब्द

पाटीवर नाव एक आणि बाण भलतीकडेच, असंही कुणी करू शकतं. म्हणून अनोळखी ठिकाणाहून आलेली 'डॉट डेस्कटॉप' फाईल मुलांनी उघडू नये. संगणकाने 'हिच्यावर विश्वास ठेवायचा का?' असं विचारलं, तर 'नाही' म्हणावं.

करून पाहा

घरी किंवा शाळेत लिनक्स असेल, तर मोठ्यांना सोबत घेऊन एखादी पाटी उघडा. काही बदलू नका, फक्त वाचा. 'एम आर'ची ओळ आहे का, ते पाहा. नसेल, तर त्या प्रोग्रामला तुम्ही मराठीत काय नाव द्याल, ते वहीत लिहून ठेवा. क्रितासारख्या प्रोग्रामची मराठी नावं जगभरातली माणसं हौसेने लिहून पाठवतात. उद्या त्यातली एखादी ओळ तुमची का असू नये?