गृहपाठाला वेळेची मर्यादा आहे!

तबल्याचा क्लास, कबड्डीचा सराव आणि वहीभर गृहपाठ. या ओढाताणीत अनेक घरांत आधी तबला सुटतो. पण गृहपाठालाही मर्यादा आहे आणि ती चक्क लेखी आहे.

केंद्र सरकारच्या २०२० च्या स्कूल बॅग धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नकोच. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त २ तास, सहावी ते आठवीला दिवसाला १ तास, नववीपासून दिवसाला २ तास. संध्याकाळ कशी गेली, काय खेळलात, हे लहान मुलांना वर्गात बोलतं करून विचारा, असंही हे धोरण सुचवतं.

विषय जुनाच. लेखक आर. के. नारायण यांनी राज्यसभेतल्या पहिल्याच भाषणात दप्तराच्या ओझ्याचा प्रश्न मांडला होता. पुढे प्रा. यशपाल समितीने १९९३ मध्ये ‘ओझ्याविना शिक्षण’ हा अहवाल दिला.

छंदांची दखल महाराष्ट्रात दहावीलाही घेतली जाते. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा, शास्त्रीय संगीत-नृत्य आणि खेळ यांना ठरावीक अटींवर वाढीव गुण मिळतात.

म्हणून तबला बंद करण्याआधी एक करून पाहावं. कोणत्या विषयाला किती वेळ लागला, हे मुलाने आठवडाभर वहीत लिहावं. बेरीज मर्यादेबाहेर गेली तर ती नोंद घेऊन पालकांनी वर्गशिक्षकांशी बोलावं. स्पर्धेच्या आणि संगीत परीक्षेच्या तारखाही तेव्हाच सांगाव्यात, म्हणजे प्रकल्पाची मुदत मागेपुढे करायला शिक्षकांना वाव मिळतो.