दोन महिने झाकण बंद!

भवानी पेठेतल्या गच्चीवर एप्रिलच्या दुपारी पाच मिनिटं उभं राहून बघा. चटके बसतात! पण चटके देणारी उष्णता वेगळी आणि कातडी काळी करणारे अतिनील किरण वेगळे. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचा थोडाच भाग सोलापूरपर्यंत पोचतो. बाकीचे वातावरणातला ओझोन आणि ऑक्सिजन वरच अडवतात.

आपल्या दृष्टीने हे चांगलंच, पण खगोलशास्त्रज्ञांची मात्र पंचाईत! सूर्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेले तारे आपला बराचसा प्रकाश अतिनील किरणांतच फेकतात. ते बघायचे तर दुर्बीण वातावरणाच्या वर न्यायलाच हवी.

इस्रोने २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘ॲस्ट्रोसॅट’ हा उपग्रह सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर सोडला. त्यावर ‘यूव्हीआयटी’ ही अतिनील दुर्बीण होती. खरं तर ही दुर्बिणींची जोडी, प्रत्येकीचा आरसा जेमतेम ३७.५ सेंटिमीटरचा. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेबरोबर पुण्याची ‘आयुका’, मुंबईची ‘टीआयएफआर’, इस्रो आणि कॅनडाची अवकाश संस्था यांनी मिळून ती घडवली.

आता मला सर्वात आवडलेला भाग सांगतो. दुर्बीण वर गेली, पण तिची झाकणं उघडली ३० नोव्हेंबरला. दोन महिने काय केलं? वाट बघितली!

रूमवर नवी प्लास्टिकची बादली आणली की वास येतो ना? तो वास म्हणजे प्लास्टिकमधून सुटणारे रेणू. निर्वात अवकाशात उपग्रहातल्या डिंक, रंग, वायरींमधून असेच रेणू सुटतात. त्यांचा अगदी पातळ थर आरशावर बसला तरी तो अतिनील किरण गिळून टाकतो, आणि वर जाऊन आरसा पुसणार कोण? म्हणून सुटायचे ते रेणू आधी सुटू दिले, मगच झाकणं उघडली.

या सबुरीचं फळ मिळालं. दोन अतिनील वाहिन्यांपैकी एक २०१८ मध्ये बंद पडली, पण त्याआधी २०१६ मध्ये घेतलेल्या निरीक्षणांतून आयुकाचे डॉ. कनक साहा आणि सहकाऱ्यांनी सुमारे ९३० कोटी प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकेचे अतिनील किरण शोधले. हे २०२० मध्ये जाहीर झालं. हबलचा आरसा २.४ मीटरचा, तरी तिला ते टिपता आले नव्हते. आपल्या दुर्बिणीच्या संवेदकात गोंगाट फार कमी होता.

आपल्याला इंजिनिअर व्हायचंय. तेव्हा एवढं लक्षात ठेवू या, मोठा आरसा सगळ्यांना दिसतो, पण काम स्वच्छ आरशानेच होतं.